पेंढामास्तर आणि गुळगुळीत रस्ता

माझ्या सासऱ्यांना सगळे पेंढामास्तर म्हणायचे. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच सुटला होता. कपबश्यांच्या कारखान्यात माल पेंढ्यात बांधायची जी लांबलचक शेड होती, तिथले ते मुख्य. त्यांच्या हाताखाली आठ बायका, एक हातोडी, आणि शेडच्या छपरापर्यंत रचलेला पेंढा. मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात कारकून. लग्नाआधीपासून माझ्याकडे फुटीचं रजिस्टर असायचं. कुठल्या तारखेला किती खोकी गेली, शंभर कपांमागे किती फुटले, आणि का फुटले, असे तीन रकाने. म्हणजे सासऱ्यांनी बांधायचं आणि त्यातलं काय फुटलं ते सुनेनं लिहायचं. घरात शांतता नांदू नये अशी कुणाची इच्छा असेल, तर एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

मास्तरांचा स्वतःवर भलताच विश्वास. आमच्या लग्नात आलेला काचेचा सेट त्यांनी त्याच दिवशी पेंढ्यात असा काही बांधून ठेवला, की तो सोडायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. पाहुणे आले की सासूबाई शेजारून ग्लास मागून आणतात. प्रवासाला निघताना आमच्या ह्यांची बॅगसुद्धा मास्तरच भरायचे. ती उघडली की सदऱ्यांच्या घड्यांमधून पेंढ्याच्या काड्या निघायच्या. हे माझे यजमान म्हणजे मास्तरांचे एकुलते एक चिरंजीव, स्वभावानं इतके गरीब की त्या काड्या वेचून परत बॅगेत ठेवायचे, बाबा विचारतील म्हणून.

या विश्वासाला कारण होतं आमचा रस्ता. कारखान्यापासून रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत बेचाळीस किलोमीटर, आणि ट्रकला लागायचे पाच तास. मास्तरांनी त्या रस्त्यावरच्या मोठ्या खड्ड्यांना नावं ठेवली होती. एक होता हौद. जोडीनं येणाऱ्या दोघी होत्या बहिणी. एकाचं नाव जावई, कारण त्याला कितीही भरलं तरी त्याचं पोट भरायचं नाही. सून नावाचा खड्डा होता की नाही ते मी कधी विचारलं नाही.

ट्रकवाले आमच्याकडे यायलाच नाखूश. आले तर दीडपट भाडं सांगायचे आणि वर म्हणायचे, "टायर काय सासऱ्यानं दिलेत आम्हाला?" कप बनवायला जेवढा खर्च, जवळजवळ तेवढाच तो मालधक्क्यापर्यंत पोचवायला. रुळालगतच्या गावात एक दुसरा कारखाना होता. त्यांचे कप जाड, किंचित कलते, आणि कान असा की त्यात बोट घालायला आधी साबण लावावा. पण ते कप देशभर खपायचे, आणि आमचे नाजूक, पांढरेशुभ्र कप दोन जिल्ह्यांच्या पुढे जायचे नाहीत. आमच्यात आणि त्यांच्यात फरक तेवढ्या बेचाळीस किलोमीटरचा होता. मालक हे दर वर्षी कुणा ना कुणा मंत्र्याला लिहून पाठवायचे आणि ते पत्र मी टाइप करायची. शेवटी तर नुसती तारीख बदलायची.

पण मास्तरांची छाती याच रस्त्यानं फुगायची. "अशा रस्त्यावरून शंभराला दीड फुटतात फक्त," ते म्हणायचे. "चांगल्या रस्त्यावरून तर माझा माल चंद्रावर जाईल."

त्यांची पद्धत सांगते. खोक्यात पेंढा दाबून नाही, तर चांगला फुगवून भरायचा, वरपर्यंत, अगदी बाहेर येईल इतका. झाकण ठेवून चारच खिळे, तेही अर्धेच ठोकायचे. ट्रक निघाला की नवव्या किलोमीटरला एक चहाची टपरी होती. तिथे ड्रायव्हरनं चहा प्यायचा, आणि मास्तरांनी दिलेल्या हातोडीनं सगळे खिळे पुरते ठोकायचे. नवव्या किलोमीटरलाच का, हे कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर म्हणायचे, "तिथला चहा बरा असतो."

आणि एके वर्षी मंत्र्यांनी खरंच पत्र वाचलं. नाहीतर तारीख बदलायला मी विसरले असेन, काय सांगावं. बेचाळीस किलोमीटर सिमेंटचा रस्ता मंजूर झाला, वर मालधक्क्यावर नवी क्रेन आणि मोठं गोदाम. दोन वर्षं आमच्या दारातून रोलर फिरले, सासूबाईंनी दोन वर्षं सिमेंटची धूळ झाडली, आणि एका सकाळी ट्रक पन्नास मिनिटांत मालधक्क्यावर पोचला. ड्रायव्हरला वाटलं, चुकून भलतीकडेच आलो.

मग काय विचारता! भाडं निम्म्यावर आलं. गावात फरशांचा एक कारखाना सुरू झाला, बर्फाचा एक, आणि ज्या जमिनीवर कुत्रं फिरकत नव्हतं तिथे दलाल फिरकायला लागले. अर्थात रस्त्यावरून माल जातो तसा येतोही. पहिल्याच महिन्यात बाजारात प्लास्टिकचे रंगीत मग आले, आमच्या कपाच्या निम्म्या किमतीत. पेंढामास्तरांच्या खुद्द बायकोनं सहा घेतले. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आमचे कप आता परदेशी व्यापाऱ्यालाही परवडायला लागले. एक आलाच. त्यानं तीन खेपा मागवल्या, नमुन्यादाखल. बंदरावर त्याचा माणूस खोकी उघडून बघणार, आणि शंभराला दोनपेक्षा जास्त फुटलेले चालणार नाहीत. तिन्ही खेपा नीट गेल्या तर दर वर्षीचं काम मिळणार. मालकांनी दोन नव्या भट्ट्यांचा पाया आधीच खणायला घेतला.

"दोन?" मास्तर हसले. "जुन्या रस्त्यावर दीड फुटायचे. आता अर्धासुद्धा फुटणार नाही. सूनबाई, रजिस्टरमध्ये अर्धा कप कसा लिहायचा ते शिकून ठेव."

पहिली खेप गेली. रस्ता झाल्यापासून जवळचा माल ट्रकनंच थेट दुकानांत जायचा, नव्या रस्त्यावरून रेल्वेला जाणारी ही पहिलीच. पाचव्या दिवशी बंदरावरून फोन आला आणि तो मीच घेतला. मी आकडा दोनदा विचारला, मग एकदा इंग्रजीत विचारला. एकतीस. शंभराला एकतीस.

मी रजिस्टरमध्ये एकतीस लिहिलं आणि कारणाचा रकाना मोकळा सोडला. संध्याकाळी घरी गेले तर सासरे दारातच उभे. "लिहिलंस?" म्हणाले. मी म्हटलं, "लिहिलं." ते तसेच वळले, आणि त्या रात्री जेवताना त्यांनी मीठसुद्धा मागितलं नाही. भाजी अळणी होती, हे मला नंतर कळलं.

मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. मालक वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "मास्तर, अजून एक संधी देतोय तो व्यापारी. दुसरी खेप अशी गेली तर मी शहरातून थर्माकोलची तयार खोकी आणणार. मग पेंढा नको, शेड नको." पुढचं ते बोलले नाहीत, पण शेड नको म्हणजे आठ बायका नकोत आणि मास्तरही नकोत, एवढं गणित सगळ्यांना येत होतं. त्या आठांपैकी पाचजणींच्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

पुढचे दोन दिवस मास्तरांनी सगळ्यांवर खापर फोडून पाहिलं. माती कच्ची आहे. भट्टी थंड आहे. क्रेनवाला दारू पितो. ड्रायव्हर नवव्या किलोमीटरला थांबलाच नसेल. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की टपरी उठून गेली तरी तो बरोबर नऊ किलोमीटरवर थांबला, चहा नसताना थांबला, आणि एकूणएक खिळा ठोकला. शेवटी खापर माझ्यावर आलं. "तू नीट ऐकलं नसशील फोनवर." मी म्हटलं, "बाबा, एकतीस ऐकायला कान नीट नसले तरी चालतात."

तिसऱ्या दिवशी ते झाकण न लावलेलं एक खोकं मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसले आणि मालधक्क्यापर्यंत गेले. मीही गेले, कारण सासूबाई म्हणाल्या, त्यांना एकटं सोडू नकोस. सगळी वाट ते खोक्याला कान लावून होते. ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, "ताई, मास्तर बरे आहेत ना?" रस्ता असा गुळगुळीत, की माझा डोळा लागला.

मालधक्क्यावर त्यांनी खोक्यात हात घातला आणि बराच वेळ तो बाहेरच काढला नाही.

"बसलाच नाही," ते म्हणाले.

"काय बसलं नाही?"

"पेंढा. सकाळी भरला तसाच आहे. फुगलेला."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या रस्त्याच्या पहिल्या नऊ किलोमीटरांत हौद होता, बहिणी होत्या, जावई होता. तिथे ट्रक असा काही उडायचा, की फुगलेला पेंढा हलून हलून प्रत्येक कपाभोवती घट्ट बसायचा. तो बसला की वरून खिळे ठोकायचे, मग खोकं आपटलं तरी आत काही हलत नसे. नव्या रस्त्यावर पेंढा हललाच नाही. ड्रायव्हरनं फुगलेल्या पेंढ्यावर झाकण पक्कं केलं. पुढे मालगाडीचे डबे जोडताना धक्के बसले, तेव्हा पेंढा खाली बसला, वर जागा मोकळी झाली, आणि कप बंदरापर्यंत आत नाचत गेले.

परतताना मास्तर म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस."

मी म्हटलं, "अहो पण बाबा, सांगितलं तर..."

"तीस वर्षं लोक माझ्या हाताचं नाव घेतायत. आता काय खड्ड्यांचं घेऊ देऊ?"

दुसरी खेप निघाली त्या दिवशी मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. नवा रस्ता सरळ गेल्यामुळे जुन्या रस्त्याचा एक तुकडा आमच्या मागच्या फाटकापासून जुन्या पुलापर्यंत तसाच पडून होता. लांबी जेमतेम किलोमीटरभर, पण खड्डे सगळे अस्सल. भरलेला ट्रक त्या तुकड्यावरून पुलापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मी मोजलं, चार फेऱ्या आणि वर अर्धी, म्हणजे बरोबर नऊ किलोमीटर. मास्तर ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक गचक्याला समाधानानं मान हलवत होते. मग पुलाशी दोघांनी उतरून खिळे ठोकले. ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं, त्यानं विचारलंच, "मास्तर, हे कशासाठी?" मास्तर म्हणाले, "इंजिन गरम झालेलं बरं." बाहेर ऊन मी म्हणत होतं.

दुसऱ्या खेपेचा फोन आला. शंभराला एक. मालकांनी मास्तरांना मिठी मारली. शेडमध्ये बायकांना चहा पाजला गेला. मास्तर म्हणाले, "पहिल्या वेळी हात जरा जड झाला होता, बाकी काही नाही." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर कीवही आली. पण मी तोंड शिवून बसले.

आता तिसरी खेप, शेवटची. ट्रक भरून फाटकाशी उभा, आणि त्याच सकाळी मागच्या बाजूनं घरघर ऐकू आली. बघते तो रोलर, त्याच्यामागे डांबराची गाडी, आणि रस्तेखात्याचे इंजिनिअर साहेब हसत हसत येतायत. मालक पुढे झाले. त्यांना मास्तरांना खूश करायचं होतं. "मास्तर, तुमच्यासाठी! साहेबांकडे डांबर उरलंय. शेडमागचा हा तुकडा आज होऊन जाईल. तुमच्या बायका रोज ठेचकाळत येतात ना याच्यावरून?"

ते खरंच होतं. गेल्याच महिन्यात एकीचा पाय मुरगळला होता.

मास्तर शेडमध्ये गेले, आपली खुर्ची उचलून आणली, रस्त्याच्या मधोमध रोलरसमोर ठेवली आणि तिच्यावर बसले.

रोलरवाल्यानं हॉर्न वाजवला. मास्तर हलले नाहीत. इंजिनिअर साहेब म्हणाले, "आजोबा, मी नोकरीत लागल्यापासून लोक रस्ता होत नाही म्हणून बसतात. रस्ता होतोय म्हणून बसलेले तुम्ही पहिले."

"मास्तर, हा काय प्रकार आहे?" मालक.

शेडच्या दारात आठही बायका येऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, बोला हो आता, नाहीतर सगळंच बुडेल. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि मग ते एकदम बोलून गेले.

"माझं काम अर्धंच होतं, मालक. उरलेलं अर्धं हे खड्डे करत होते. तीस वर्षं. पेंढा मी भरायचो, बसवायचा रस्ता. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. दुसरी खेप इथून साडेचार फेऱ्या मारून गेली, म्हणून वाचली. हे खड्डे बुजवलेत तर आजची खेप फुटणार." आणि मग हळू आवाजात, "माझ्या हातात काही नव्हतं."

रोलरवाल्यानं इंजिन बंद केलं. मग बायकांमधल्या सगळ्यात जुन्या, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या काकू म्हणायचो, त्या पदराला हात पुसत पुढे आल्या.

"मास्तर, एक सांगू? रागावू नका. तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा दीड महिना आम्हीच बांधलं होतं. तेव्हा किती फुटले होते, सूनबाई?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. हा आकडा मी सहा वर्षं सांभाळला होता. "शंभराला एक," मी म्हटलं.

"आणि मी असताना?" मास्तरांनी विचारलं.

"दीड."

ते खुर्चीत जरा मागे रेलले. "मग तीस वर्षं मी केलं काय?"

"ओरडलात," मोठ्या काकू म्हणाल्या.

आधी रोलरवाला हसला, मग ड्रायव्हर, मग सगळेच. मास्तर सोडून. काकूंनी हसू आवरलं आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "पण मास्तर, फुटतंय का, ते तुम्हीच शोधलंत. आम्हाला नसतं सुचलं. खोकं मांडीवर घेऊन कान लावून कोण बसतं?"

शेवटी तोड इंजिनिअर साहेबांनीच काढली. निम्म्या रुंदीत डांबर टाकलं, बायकांना चालायला. उरलेल्या निम्म्यातले खड्डे ट्रकसाठी राखून ठेवले. साहेबांना कागदावर काय लिहावं ते कळेना, तेव्हा मी त्यांना रकाना मोकळा सोडायचा सल्ला दिला. या कामात माझा अनुभव मोठा आहे.

आणि त्याच वेळी मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मी घरी जातो. आज माझी रजा मांड."

"आज? अहो, ट्रक निघायचाय. शेवटची खेप आहे!"

"म्हणूनच. फेऱ्या काकू बघतील, खिळेही त्याच ठोकून घेतील. मी नसताना जाऊ दे." हातोडी काकूंच्या हातात देऊन ते पायीच निघाले. तीस वर्षांत ऑपरेशन सोडलं तर त्यांची ही पहिली रजा.

मग ते जे घरी बसले, ते पाच दिवस. सासूबाई म्हणाल्या, या माणसानं पहिल्या दिवशी खिडक्या पुसल्या, दुसऱ्या दिवशी पुसलेल्या पुसल्या, तिसऱ्या दिवशी माझ्याशी बोलायला लागले, तेव्हा मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हटलं.

पाचव्या दिवशी फोन आला. मी आकडा लिहून घेतला, मालकांना सांगितलं, शेडमध्ये जाऊन सांगितलं. मोठ्या काकू पेंढ्याच्या ढिगावर मटकन बसल्या आणि रडल्या. बाकीच्या हसत होत्या आणि त्याही रडत होत्या. शेड राहिली, भट्ट्या होणार. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून धावतच घरी आले.

मास्तर ओट्याशी उभे राहून प्लास्टिकच्या मगात चहा गाळत होते. मी दारातून ओरडले, "बाबा, एकही नाही! चारशे खोकी उघडून बघितली त्यांनी. एक कपसुद्धा फुटला नाही!"

"एकही नाही?"

"एकही नाही."

"काकूंनीच केलं ना सगळं? मधे कुणाला विचारलं वगैरे नाही?"

"कुणालाच नाही."

"वा," ते म्हणाले. "वा, वा. फार छान झालं." चहा मगाबाहेर सांडायला लागला होता, ते त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांच्या हातातून गाळणी काढून घेतली. त्यांना खरोखरच आनंद झाला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. पण डोळे भरून आले होते ते काही आनंदानं नव्हे.

"सूनबाई," ते म्हणाले, "शंभराला दोनची सूट होती ना गं?"

"होती की."

"मग एखादा फुटला असता, तर काय बिघडलं असतं?"